टोपलीभर तांदुळजा

धोंडोपंत इनामदारांचा दरारा मोठा, संशय त्याहून मोठा. एकदा मळ्यातून दोन टोपल्या तांदुळजा आला. सून सगुणानं त्यातली एक टोपली निवडून, चिरून लसणाच्या फोडणीत चटकन परतली. पानात पाहतात तर जेमतेम वाटीभर भाजी!

"बाकीची माहेरी पोचवलीस! बांध गाठोडं, तूही जा!" इनामदार कडाडले.

"बांधते, मामंजी. पण आधी तुमचं पोटभर जेवण होऊ दे."

तिनं दुसरी टोपली चिरून कढईत रचली, मामंजींच्या हाती उलथनं दिलं आणि स्वतः अंगणात जाऊन उभी राहिली.

इनामदारांनी कढईवरची नजर हलवली नाही. तरी शेवटी उरली वाटीभरच.

सगुणा दारातून म्हणाली, "ही तुमच्या सासुरवाडीला पोचली वाटतं! मग मामंजी, गाठोडी दोन बांधते."