तिसरा मीटर

“पण वस्ताद, कॉइल मोजायला नेमका कोणता मीटर घ्यावा, एवढंच सांगा.”

दस्तगीर वस्तादांनी मान वर केली नाही. विहिरीवरच्या पंपाच्या मोटारीत ते तांब्याची तार भरत होते. कुस्ती ते कधी खेळले नाहीत. आमच्या भागात मोटार भरायला जो शिकला तो त्यांच्या हाताखाली शिकला, म्हणून वस्ताद.

“किती हायत तुमच्याकडं?”

“दोन.”

“मग तिसरा?”

“दोघांचं पटत नाही.”

“दोन बायकांचं पटंना म्हणून तिसरी केलेला माणूस मी बघितलाय,” वस्ताद म्हणाले. “सुखी न्हाई झाला.”

मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीत चिंचेचं खोड आरा मशीनवर चढणार होतं.

ही चिंच म्हसोबाच्या माळावरची. दाढ दुखली, पोराला झपाटलं, घरातली पीडा हटेना, की लोक तिच्यात खिळा ठोकून येत. शंभर वर्षं ठोकत होते. झाड वाढत गेलं आणि खिळे आत मिटत गेले. वाऱ्यात ती पडली, वखारवाल्यानं घेतली. पहिला ओंडका चिरताना पात्याला खिळा लागला. पातं तुटलं. आऱ्यावर उभ्या असलेल्या कैलास चिगरेचा उजवा डोळा गेला.

उद्या त्याच जागी त्याचा धाकटा भाऊ उत्तम उभा राहणार होता. आणि मी चारचौघांत बोलून बसलो होतो, की धातू शोधणारं यंत्र मी घरीच बनवतो, प्रत्येक खिळा खडूनं दाखवतो.

यंत्र साधं. तारेची एक कॉइल, बारकं सर्किट, आणि शिट्टी. कॉइलजवळ लोखंड आलं की शिट्टीचा सूर बदलतो. पण कॉइल नीट जमली आहे हे कशावरून ठरवायचं? मी सात कॉइल गुंडाळल्या. सातही दोन मीटरांवर मोजल्या. वही भरली. एकही आकडा दुसऱ्याला मिळेना.

“वही दाखवू?”

“नको. मोजताना कॉइल ठेवता कशावर?”

“टेबलावर.”

“टेबल कसलं?”



“लोखंडी,” मी म्हणालो.

वस्ताद तार भरत राहिले…

चौतीस वर्षं मी कॉलेजात हेच शिकवलं. कॉइलजवळ लोखंड आलं की काय होतं, हे फळ्यावर किती वेळा काढलं असेल. माझे दोन्ही मीटर खरं बोलत होते. ते माझं टेबल मोजत होते.

वस्तादांनी समोरच्या फळीवर थाप मारली. सागवानी फळी, जोडाला लाकडी खुंट्या. अख्ख्या फळीत खिळा नव्हता.

मी कॉइल तिथं ठेवली. एका मीटरनं चारशे बारा दाखवलं, दुसऱ्यानं चारशे पंधरा.

“झालं?” वस्ताद म्हणाले.

“तीनचा फरक आहे.”

आता मात्र त्यांनी मोटार बाजूला सारली. माझ्याकडं बघितलं. मग फळीखालच्या डब्यातून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

“हा घ्या तिसरा मीटर.”

जुना, चौकोनी खिळा होता. डोक्याकडून गंजलेला. दुसरं टोक तिरकं कापलेलं, आणि तिथं अजून चकाकी होती.

“कुठला हा?”

“कैलासच्या पात्याला लागलेला. वखारीची मोटार बघायला गेलो तवा भुशात घावला.”



वस्तादांनी खिळा परत घेतला आणि कोपऱ्यातून चिंचेचे चार ठोकळे ओढले. “तिकडं बघा,” म्हणाले. मी पाठ फिरवली. गिरमिटाचा आवाज आला, मग भुसा ठासल्याचा.

“शोधा.”

मी कॉइल फिरवली. पहिल्या ठोकळ्यावर शिट्टी सरळ राहिली. दुसऱ्यावर सरळ. तिसऱ्यावर तिचा सूर ढळला. चौथ्यावर पुन्हा सरळ. मी तिसऱ्यावर खडूनं फुली मारली.

“हाय?”

“आहे.”

“आणि ह्या तिघांत?”

“नसावा.”

“नसावा…”

वस्तादांनी पहिला ठोकळा उचलला. पट्ट्या कापायचा त्यांचा छोटा आरा दाराशी होता. ठोकळा त्यावर लावला. चष्मा काढला. तोंड पात्याच्या वीतभर जवळ नेलं आणि बटणावर बोट ठेवलं.

“नसावा न्हवं?”

मी त्यांचा हात धरला.

“थांबा.”

ते थांबले. डोळे होते तिथंच, उघडे.

मी ठोकळा परत घेतला. या वेळी बोटाबोटानं कॉइल सरकवली. सहाही बाजूंनी. सुरुवातीला शिट्टीपेक्षा माझ्या छातीचे ठोकेच जास्त ऐकू येत होते. नंतर फक्त शिट्टी.

“नाही,” मी म्हणालो.

“बहुतेक?”

“नाही.”

त्यांनी बटण दाबलं. ठोकळा दोन झाला. आतला लालसर गाभा स्वच्छ होता.

वस्तादांनी चष्मा परत चढवला आणि भुसा फुंकला, जसं काही झालंच नाही.

“खोड जाड आहे,” मी म्हणालो. “कॉइलला चार बोटांपलीकडचं ऐकू येत नाही.”

“चार बोटं चिरायचं. थांबायचं. परत ऐकायचं.”

“दर फळीला मशीन थांबवायला मालक तयार होईल का?”

वस्तादांनी चिरलेल्या ठोकळ्याचे दोन्ही तुकडे माझ्यापुढं सरकवले.

“सोपं नाही,” मी म्हणालो. “पण तसंच करायचं. दुसरा मार्ग नाही.”

मी कॉइल पिशवीत ठेवली. तिसऱ्या ठोकळ्यातला खिळा काढून खिशात घातला. दारापर्यंत गेलो, आणि माझा स्वभाव आडवा आला.

“तरी वस्ताद… समजा घ्यायचाच झाला, तर कोणता मीटर घेऊ?”

त्यांनी मोटार पुन्हा मांडीवर ओढली होती.

“कुठलाबी घ्या, सर. सकाळी पात्याजवळ उत्तमच्या कुठल्या अंगाला उभं ऱ्हाणार, तेवढं ठरवून या.”