ओढणी आणि मनगट

फार पूर्वी नदीकाठी विणकरांचं एक गाव होतं. तिथे रोज सकाळी गल्लीत ताणा लागायचा. ताणा म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे. ते गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधायचे, खळ लावायची आणि उन्हात वाळू द्यायचे. ताणा लागला की गल्ली बंद. पाहुणा असो की पाटील, वळसा घालूनच जाणार. त्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा ताण्यावर पाय देत नसे.

यासीन त्याच गल्लीतला विणकर. हाताला मोठी सफाई. पण शेजारच्या गावातल्या एका दोस्ताची संगत लागली आणि स्वारी ताडीच्या नादी लागली.

एका सकाळी ताडी ढोसून, दोस्ताच्या घोड्यावर बसून, यासीन गाणी म्हणत गल्लीत शिरला. तेव्हा जुलेखा खालांचा ताणा लागलेला होता. खाला म्हणजे मावशी; गावात सगळे त्यांना तसंच म्हणत. म्हाताऱ्या, घरात त्या आणि नात दोघीच. आईबाप नसलेल्या नातीला त्यांनीच वाढवलं होतं, आणि तिच्या निकाहाची ओढणी स्वतःच्या हातानं विणायची, ही त्यांची एकच हौस उरली होती. रेशीमही त्यांनीच डाळिंबी रंगात रंगवलं होतं. घोडा येताना पाहून त्या हात पसरून ताण्यापुढे उभ्या राहिल्या. यासीन हसत राहिला. घोड्याच्या धक्क्यानं खाला पडल्या, उजवं मनगट मोडलं आणि ताण्याचा गुंता झाला.

ताडी उतरल्यावर यासीनला सगळं लोकांकडून कळलं. तो डोकं धरून बसला. दोस्त म्हणाला, "रडतोस काय? मागे एका पाहुण्याला कुणी फसवून भांगेचं सरबत पाजलं होतं, तेव्हा त्यानं नशेत केलेल्या नुकसानीसाठी काझींनी त्याला दोषी धरलं नव्हतं. तूही तसंच सांग. मी साक्ष देतो."

यासीनला हे पटलं. पटायला काय, सुटायची वाट सगळ्यांनाच लवकर पटते.

मशिदीच्या अंगणात काझी बसले, गाव जमला. खाला हात फडक्यात बांधून आल्या आणि कुणी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "काझीसाहेब, मी याला माफ केलंय. पोरगा शुद्धीत नव्हता. शुद्धीत असता तर ताण्यावर आला असता का?"

यासीननं मान खाली घातली. घोकून आणलेलं खोटं त्याला आता सांगवेना.

"खाला, तुमचं मन मोठं आहे," काझी म्हणाले. "पण मला याच्या तोंडून ऐकायचंय. यासीन, तुला कुणी जबरदस्तीनं पाजली? की फसवून?"

दोस्तानं कोपरानं ढोसलं. यासीन त्याच्यापासून दूर सरकला. मग म्हणाला, "नाही. माझ्या हातानं प्यालो. पण काझीसाहेब, खरं सांगतो, मला त्यातलं काहीच आठवत नाही."

"तुला आठवत नाही," काझी म्हणाले, "खालांना आठवतं." मग जरा नरमाईनं म्हणाले, "बेटा, अक्कल ही अल्लाहची अमानत आहे, सांभाळायला दिलेली ठेव. ती कुणी तुझ्याकडून हिरावून घेतली असती, तर मी तुला दोष दिला नसता. पण तू ती आपणहून टाकून दिलीस. मग ती नसताना जे झालं, त्याचा जाब दुसऱ्या कुणाला विचारू? खालांनी माफ केलं, ते त्यांचं देणं. अल्लाहकडे माफी मागणं, ते तुझं तू कर. पण मोडलेलं मनगट अजून मोडलेलंच आहे. ते बरं होईपर्यंत त्यांचा माग तू चालवशील."

दुसऱ्या दिवसापासून यासीन खालांच्या दारात बसला. आधी तुटलेले धागे जोडायचे होते. केसासारखं बारीक रेशीम, आणि ताडी सुटल्यामुळे बोटं थरथरायची. धागा निसटला की तो चिडायचा. खाला म्हणायच्या, "असू दे, पुन्हा धर." दुपारी त्या डाव्या हातानं त्याला भाकरी वाढायच्या. ज्या बाईचा हात आपण मोडला तिच्याच हातची भाकरी खाताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. हळूहळू बोटांची थरथर थांबली, ताणा सुटा झाला, मागावर चढला. दोस्त एकदोनदा बोलवायला आला. यासीन उठला नाही.

निकाहाच्या दिवशी नातीच्या डोक्यावर तीच डाळिंबी ओढणी होती. अंगणातल्या बायका हात लावून लावून पाहत होत्या. खालांचा ऊर भरून आला. त्या सगळ्यांना सांगू लागल्या, "ही माझ्या यासीननं विणली. अल्लाह त्याचं भलं करो."

यासीन पुढे आला. खालांचं वाकडं जुळलेलं मनगट त्यानं दोन्ही हातांत घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हे मनगटही यासीननंच मोडलं. ओढणी माझी म्हणता, तर हेही माझंच म्हणा. खाला, तुम्ही माफ केलंत आणि काझीसाहेबांनी सोडलं नाही, म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा आहे. दोघांचे उपकार कसे फेडू?"

खालांनी मनगट सोडवून घेतलं. त्याच हातानं त्यांनी त्याच्या तोंडात खजूर घातला.

तात्पर्य इतकंच: शुद्ध आपण स्वतः घालवली, तर बेशुद्धीत केलेलंही आपलंच असतं; आणि ते आपलं म्हणायला लावणाऱ्यांचे आभार मानावेत.