पाखरांचा घड

एका राज्यात, डोंगरांच्या ओंजळीत, एक ऊबदार खोरं होतं आणि खोरंभर द्राक्षांचे मांडव होते. तिथला रिवाज जुना. तोडणी झाली की प्रत्येक वेलीवर शेवटचा घड पाखरांसाठी सोडायचा. घड पिकेपर्यंत गोफणीने पाखरं हाकायची, आणि शेवटी गोफण खाली ठेवायची. हा रिवाज मोडायची कुणाची छाती नव्हती.

राजा रत्नधीराची झाली. "पाखरं काय माझं राज्य राखतात?" असं म्हणून त्याने तोही घड तोडायला लावला. राजा बोले, दळ हाले. मळ्याची मुकादमीण तुंगा हिने मनाविरुद्ध विळा चालवला.

त्या द्राक्षांच्या आसवाचा पहिला पेला राजाने घेतला. दुसरा तुंगाच्या नवऱ्याने, धवलाने, कारण आसव चाखणं हेच त्याचं काम. मग दरबार प्याला. सकाळी सगळे मुकाट्याने मळ्यात गेले, ओळीने उभे राहिले, पहिल्या ओळीत पहिला राजा, आणि हात मांडवावर टाकले. दुपारपर्यंत त्यांचे पाय मातीत गेले होते. बोटांतून हिरवे धागे निघून बांबूंना वेढे घालत होते. वारा नव्हता, तरी पानं हलत होती.

छाटणी तोंडावर आली होती. छाटणारे परमुलखातून यायचे. वेल कोणती आणि माणूस कोणता, त्यांना काय कळणार? तुंगा मळ्याकडे धावली.

मांडवाच्या खांबावर एक म्हातारी साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "तीन कामं कर. तळघरातलं आसव मुळांना परत दे. मग ओळींमधून चाल, पण कुणाच्या हाकेला ओ देऊ नकोस. आणि आमचा घड आम्हाला सोड."

"वेली रिकाम्या आहेत, बाई. घड कुठून आणू?"

"असेल तिथे दिसेल."

तळघरात रांजणांवर पांढरा नाग होता. "न्यायला आलीस की द्यायला?" त्याने विचारलं.

"द्यायला."

नाग बाजूला सरला. तुंगाने रांजण मुळांशी रिते केले, आणि माती घटाघटा प्याली.

मग ती ओळींमधून चालली. भर उन्हात पानापानांतून हाका आल्या. शेवटची हाक धवलाची होती. "तुंगे, पाणी दे गं." तिने जीभ चावली; तोंडात रक्ताची चव आली, पण ओ दिली नाही.

धवलाच्या उघड्या तळहातातून एक काळा घड लोंबत होता. त्याचा मणी न् मणी नाडीसारखा उडत होता. पाखरांचा थवा उतरला, पहिली चोच बसली आणि धवल कण्हला. तुंगाचा हात आपसूक गोफणीकडे गेला. जन्मभर तिने पाखरंच हाकली होती. आता ती रडली, आणि तिने गोफण खाली ठेवली.

शेवटचा मणी संपला तसा धवलाचा हात तिच्या खांद्यावर पडला. तो गार होता, पण माणसाचा होता. बाकीच्यांच्या तळहातांतले घडही पाखरांनी खाल्ले आणि एकेक करून तेही सुटले. राजाची मूठ मात्र घट्ट मिटलेली. पाखरांनी चोची मारून पाहिल्या आणि ती उडून गेली.

राजाची बहीण गादीवर बसली, रिवाज पुन्हा सुरू झाला. तुंगाला धवल मिळाला, पाखरांना घड मिळाला. अजूनही छाटणीला वेलींतून पाणी ठिबकतं. पहिल्या ओळीतल्या पहिल्या वेलीला तेवढा कुणी विळा लावत नाही. एकदा एकाने लावला होता. जे ठिबकलं ते पाणी नव्हतं.