माथ्यावरून न दिसणारा धबधबा

फार पूर्वी, रानातल्या वाटा जनावरांनीच पाडल्या तेव्हा, एका धबधब्याकडे दोन वाटा जात. झुंजार बोकडाने कड्याची धरली. लंगड्या चंद्री म्हशीला तो म्हणाला, "तू आपली सपाट वाटेने जा, बाई."

गुडघे फोडून घेत तो माथ्यावर पोचला. तिथे नुसता ओढा होता आणि तो कड्यावरून खाली पडत होता. धबधबा काही दिसेना. खाली चंद्री तुषार अंगावर घेत उभी होती.

"कसा दिसतो गं?" त्याने नाइलाजाने विचारले.

"खाली येऊन बघ की."

तो निमूट उतरला आणि त्याने डोळे भरून धबधबा पाहिला. परतताना चंद्री सपाट वाटेवर त्याच्यासाठी थांबत थांबत चालली.

"इतका उशीर?" कळपाने विचारले.

झुंजार म्हणाला, "काय करणार, हिला घेऊन यायचं होतं."