मायाप्पानं टाळलेली लस

माळावरच्या एका गावात मायाप्पा नावाचा एक धनगर राहत होता. त्याच्या पायाला भिंगरी. बसा म्हटलं तरी उभाच. एखादी मेंढी जरा कमी चरली, की याच्या जिवाची घालमेल सुरू. पावसाळ्याआधी जनावरांचे डॉक्टर लस घेऊन आले, की तो सगळा कळप पुढ्यात उभा करी. "म्हाताऱ्या मेंढीला कशाला टोचायची?" असं कुणी म्हटलं, तर फाडकन म्हणे, "एक राहिली तर तिच्यापायी कोकरं जातील. टोचा."

त्याची लेक वैजंता बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगी झाली. नर्सबाई घरी येऊन सांगून गेल्या, "डांग्या खोकल्याची लस बाळ दीड महिन्याचं झाल्यावर. तोवर तिला तुम्हीच जपायचं. लहानपणी घेतलेल्या लसीचा जोर आता राहिलेला नसतो. मोठ्या माणसांनीही दवाखान्यात येऊन टोचून घ्या."

वैजंताची आई दुसऱ्याच दिवशी जाऊन आली. मायाप्पा मात्र हसला. "लस लेकरांना असते. मी काय पाळण्यातला आहे?" घरचे फारच मागे लागले, तेव्हा म्हणाला, "बाजारादिवशी जाईन." बाजार आला आणि गेला. कळपासाठी तळमळणारा माणूस, पण स्वतःचं म्हटलं की नुसती चालढकल.

मग त्याला खोकला लागला. "धुळीचा आहे," म्हणत तो नातीला मांडीवर घेऊन खेळवत राहिला.

थोड्या दिवसांनी नातही खोकू लागली. खोकता खोकता तिचा श्वास अडकला, ओठ निळे पडले. तिला घेऊन सगळे तालुक्याच्या दवाखान्यात धावले. मायाप्पा व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागला. दार उघडलं की पुढे व्हायचा, मिटलं की पुन्हा चालू लागायचा. पोर जगते की जाते, कुणीच सांगेना.

डॉक्टर बाहेर आले. "घरात कुणाला खोकला आहे?"

कुणी काही बोलायच्या आधी मायाप्पाला ढास लागली. त्यानं उपरणं तोंडात कोंबलं, पण ती थांबेना. सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

वैजंता हलक्या आवाजात म्हणाली, "आबा, तुम्ही कळपातली एक मेंढी सोडत नाही. मग स्वतःला कसं सोडलंत?"

डॉक्टरांनी मायाप्पालाही औषध दिलं आणि बाळापासून लांब राहायला सांगितलं. तो बाहेर चालत राहिला, आतल्या प्रत्येक आवाजाला दचकत.

पोर वाचली. घरी आली. तोवर मायाप्पाचा खोकलाही गेला होता आणि डॉक्टरांनी बाळाला घ्यायची मोकळीक दिली होती. त्यानं आनंदानं हात पुढे केले. वैजंताचे हात आपसूक मागे गेले. दुसऱ्याच क्षणी तिनं ओशाळून बाळ पुढे केलं, पण मायाप्पानं मान हलवली. सदऱ्याची बाही वर सारत तो थेट दवाखान्याच्या वाटेला लागला.

तात्पर्य: लस फक्त लहानपणी घेऊन संपत नाही. ज्या वयात जी सांगितली, ती वेळेवर घ्यावी. आपण टाळलेल्या लसीची किंमत घरातल्या सर्वांत नाजूक जिवाला मोजावी लागते.