सहाव्या बांधाचा हुकूम

एका राज्यात वर्ष सरले की राजवाड्यातली दप्तरे कोरी होत. अक्षरे पुसून जात, आणि राजा-प्रधानांच्या मनातूनही मागचे सारे निघून जाई. धृतकेतू राजाच्या आजोबांनी कालजंघ मांत्रिकाचा सल्ला हसण्यावारी नेला होता. त्याने शाप दिला, "या दरबाराला मागचे आठवणार नाही, पुढचे दिसणार नाही."

म्हणून शांभरी नदीच्या वळणावर पाच वेळा बांध घातला गेला. पाचही वेळा तो फुटला आणि माणसे वाहून गेली. आता राजाने सहाव्याचा हुकूम सोडला.

दप्तरखान्यात सुवर्चला ही लेखनिका नव्यानेच लागली होती. ती त्या वळणावरच्या गावची. पाचव्या बांधाने तिची आई नेली होती. हुकूम लिहिता लिहिता तिचा हात थांबला. ती उठली आणि तडक रानात बोलक्या भारद्वाज पक्ष्याकडे गेली.

"शाप कसा सुटेल?"

"दरबार विसरला ते गोळा कर. पुढचे पाहून घे. मग राजाच्या तोंडून 'चुकलो' असे वदव. तिसरे अवघड आहे."

शाप राजवाड्यापुरता होता. गावे काहीच विसरली नव्हती. निंबा नावाडी म्हणाला, "वळणाखाली नुसती वाळू आहे, बाई. बांध उभा राहायचा कशावर?" कुंभारणीने पुराच्या खुणा दाखवल्या. गुराख्यांनी बुडालेल्यांची नावे सांगितली. सुवर्चलेने ते गावच्या शाईने, गावच्या कापडावर लिहिले. ती अक्षरे टिकली.

मग भारद्वाजाने घरट्यातली तीन अंडी पुढे केली. उन्हात धरताच पहिल्यात महापूर दिसला. दुसऱ्यात नदी कोरडी ठणठणीत होती. तिसऱ्यात ती वळण सोडून गावातून वाहत होती.

"यातले खरे कोणते?"

"तिन्ही होऊ शकतात. तिन्हींत तगेल असे काही शोध."

दरबारात सुवर्चला कापड उलगडून वाचू लागली. राजा कंटाळून ऐकत होता.

"तिसरा बांध. चाळीस माणसे गेली. त्यांत राजबंधू जयशील."

राजा दचकला. "मला भाऊ होता?"

"होता, महाराज. नावेत बसले की मोठ्याने गात, असे नावाडी सांगतात."

"आणि तो बांध माझ्या हुकमाने?"

"होय."

प्रधान कुजबुजला, "महाराज, राजाने चूक कबूल करू नये."

राजा सिंहासनावरून उतरला. "चुकलो," तो म्हणाला. "बांध नको."

त्या क्षणी दप्तरांत अक्षरे उमटू लागली. राजाला भावाचे गाणे आठवले आणि तो भर दरबारात रडला.

मग सुवर्चलेच्या सल्ल्याने गाव टेकडीवर हलले. काठची जमीन नदीला मोकळी सोडली, वर तळी खणली. हुकमाखाली प्रथमच त्याचे कारण लिहिले, आणि तो पुन्हा कधी तपासायचा तेही.

श्रावणात पूर आला, मोकळ्या रानात पसरला आणि ओसरला. एकही माणूस गेला नाही. राजा टेकडीवर गावकऱ्यांच्या पंगतीला बसला.

निंबाने विचारले, "महाराज, पुढल्या वर्षी पाऊस आलाच नाही तर?"

राजाने हातातला घास खाली ठेवला. "तळी पुरतील का? तुला काय वाटते ते सांग. सुवर्चला, लिहून घे."