कच्चे दोर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत. साता समुद्रांपलीकडे, दक्षिणेच्या मुलुखात उंचच उंच डोंगर होते आणि त्या डोंगरांत दोन राज्यं शेजारी शेजारी नांदत होती. मधून एक खोल दरी गेली होती. तळातली नदी काठावरून दिसत नसे, नुसती ऐकू येई.

दरीच्या दोन काठांवर दोन गावं होती. दोन्हीकडे मका आणि बटाटे पिकत, दोन्हीकडे लोक लांब मानेचे, लोकरीचे लामा पाळत, आणि सगळी ये-जा एका गवताच्या पुलावरून चाले. पूल दर वर्षी नवा करावा लागे. सुगी आटोपली की उतारावरचं चिवट गवत कापून मांडीएवढे जाड चार दोर वळायचे. दोन अलीकडच्या गावाने, दोन पलीकडच्या गावाने. आणि जुनी रीत अशी, की पूल झाला म्हणजे दोर वळणाऱ्याच्या घरचं माणूस त्यावरून सगळ्यांत आधी चालणार, आणि एकटंच चालणार. या रीतीमुळे दोरात कुणी कधी लबाडी केली नव्हती.

अलीकडच्या गावात एक म्हातारा दोरकरी होता. त्याने आपली एकुलती एक लेक पलीकडच्या दोरकऱ्याच्या मुलाला दिली होती. दोघे व्याही पुलाच्या दोन टोकांवरून एकमेकांच्या दोरांना नावं ठेवत आणि मग मधोमध बसून एकाच पानातली भाकरी खात. लेक महिन्या-पंधरवड्याने माहेरी येई, आईच्या हातचं खाऊन परत जाई.

आता राजे म्हटले की त्यांना भांडायला काहीतरी लागतंच. आपल्याला शेताचा बांध पुरतो, त्यांना अख्खं रान लागतं. दूर सरहद्दीवर डासांचं एक जंगल होतं. तिथे कधी कुणी फिरकत नसे. पण तिथल्या मातीत काही चमकलं असं कुणीतरी सांगितलं आणि दोन्ही राजांना एकदम आठवलं की हे जंगल आपल्याच पणजोबांचं.

मग नगारे वाजले. अलीकडे दवंडी फिरली की पलीकडचे दगाबाज आहेत, आणि पलीकडे हीच दवंडी अलीकडच्यांच्या नावाने फिरली. दोन्ही काठांवर सैनिकांच्या राहुट्या पडल्या आणि ये-जा बंद झाली. पूल मात्र विणा, असा दोन्हीकडून हुकूम आला. बर्फ वितळल्यावर आपली फौज त्यावरून जाईल, असं दोन्ही राजांच्या मनात होतं.

म्हातारा दोर वळायला बसला. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर भाकरी खाल्ली, ते लोक भाले घेऊन पुलावरून येताना त्याला दिसू लागले. त्याने गेल्या वर्षीचं ओलं, कुजकं गवत आणलं, ते दोरांच्या पोटात घातलं आणि वरून नवं गवत वळलं. थंडीभर आत कूज वाढेल आणि फौज येईपर्यंत दोर पोकळ होतील, असा त्याचा हिशेब होता.

त्याच्या बायकोने ते पाहिलं. ती म्हणाली, "अहो, पलीकडे आपली पोर आहे."

"एकदोन माणसांना काही होत नाही," म्हातारा म्हणाला. "त्यांचे दोन दोर पक्के असतात. फौजेचं ओझं आलं तरच तुटेल."

"म्हणजे त्यांच्या दोरांवर भरवसा आहे, आणि त्यांच्यावर नाही?"

म्हाताऱ्याने कुजक्या गवताची आणखी एक मूठ दोराच्या पोटात घातली. त्याचे हात वळतच राहिले.

पूल विणून झाला. रीतीप्रमाणे आधी चालायचं होतं, पण सैनिकांनी कुणालाच जाऊ दिलं नाही. म्हाताऱ्याला त्या दिवशी ते बरंच वाटलं.

ऐन थंडीत पलीकडच्या घरावर पांढरी घोंगडी फडकली. मूल झाल्याची ती खूण. म्हातारा-म्हातारी रोज काठावर जाऊन उभी राहू लागली. धुकं नसलं की लेक वर उतारावरच्या घराच्या दारातून बाळाला दोन्ही हातांनी उंच धरायची. एवढ्या लांबून तोंड कसलं दिसणार? तरी म्हातारी म्हणायची, आजोबांवर गेलाय.

बर्फ वितळलं, पण युद्ध झालंच नाही. जंगलात चमकत होता तो नुसता अभ्रक निघाला. राजांनी एकमेकांना पिसांचे झगे पाठवले, मेजवान्या झाल्या आणि सैनिक एकही बाण न सोडता घरी गेले.

दोन्ही गावं काठांवर लोटली. लेकीने बाळ सासूच्या हातात दिलं आणि पुलाशी आली. रीत तिला पाठ होती.

"मी दोन्ही घरांची," तिने हाक दिली. "आधी मीच येते."

म्हाताऱ्याने थांब म्हणायला तोंड उघडलं. पण भोवती सारा गाव उभा होता, आणि थांब का, ते सांगावं लागलं असतं. एकटीच तर आहे, व्याह्याचे दोर पक्के आहेत, असं त्याने मनाला समजावलं. पलीकडे व्याहीही हात उचलून एक पाऊल पुढे आला होता. तोही तिथेच थबकला.

लेक मधोमध पोचली, जिथे दोघे व्याही भाकरी खायला बसत. तिने आईकडे बघून हात हलवला आणि चारही दोर तुटले.

नदीने तिला परत दिलं नाही.

किती तरी वेळाने म्हाताऱ्याने कड्यावर लोंबणारा आपला दोर वर ओढला. आतलं गवत काळं पडून भुगा झालं होतं. त्याने मान वर केली. पलीकडे व्याह्यानेही आपला दोर ओढून घेतला होता आणि तो हातातल्या काळ्या भुग्याकडे बघत बसला होता. दोघांची नजर भेटली. दोघांनाही सगळं कळलं, आणि त्यानंतर ते एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

पुढल्या सुगीला पहिला दोर कुणी फेकायचा, हे ठरलं नाही. त्याच्या पुढल्यालाही नाही. नातू पलीकडे वाढला. म्हातारी गेली, तरी म्हातारा रोज काठावर येऊन बसे. धुकं नसलं की पलीकडच्या उतारावर लामांमागे पळणारं, मक्याच्या दाण्याएवढं एक पोर त्याला दिसे. आपला आजा कोणता, हे त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून, लहानथोरहो, एवढं ध्यानात ठेवा: शेजाऱ्याच्या धास्तीने जो पूल कच्चा ठेवतो, त्याच्या पुलावरून आधी त्याचंच माणूस चालतं.